पारीवरची शपथ

डोमा ढिवरानं ऐनाच्या लाकडाची आणखी एक मेख लाटेच्या तोंडाशी ठोकली आणि वर पाहिलं. पाऊस कालच थांबला होता. तरीही तलावाचं पाणी चढतच होतं.

तलावाच्या मातीच्या बांधाला गाव पार म्हणायचं. वारा सुटला की लाटा तिची माती ओरबाडून नेत. पारीच्या पायथ्याशी ढिवरटोली, म्हणजे मासेमारांची वस्ती, तिच्या पुढं धानाची शेतं. पार फुटली तर आधी टोली जाणार, मग धान. मालगुजारी गेली, तलाव राखणारे जमीनदार गेले, तेव्हा गावानं गुलाल उधळला होता. पार आता कोण सांभाळणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं. डोमानं ते आपल्या अंगावर घेतलं. फांद्या, दगड, माती रचत तो पावसाच्या झडीभर तिथून हलला नव्हता.

त्याची बायको कुंता भात घेऊन आली. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. सावली गावच्या बाजारातून आणलेल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाटला होता. काट्यात अडकला, म्हणाली. डोमानं तिला पलीकडे जंगलाच्या कडेला सांडवा पाहायला पाठवलं होतं. तलावाचं जास्तीचं पाणी तिथूनच नाल्यात उतरायचं.

"वाहून राह्यला," ती म्हणाली. "तुमी पारीले पाहा. मासोळ्याईची फिकर करू नोका."

गेल्या साली सांडव्यावरून पाण्यासोबत सारे रोहू निघून गेले, तेव्हा डोमाला जेवण गोड लागलं नव्हतं. बायकोला ते आठवतं, याचं त्याला बरं वाटलं.

ती गेली आणि थोड्या वेळानं नवी मेख बुडाली. पारीला वरून चीर गेली. आता डोमाला शंका उरली नाही. कुंता पाहून आल्यावर सांडवा कुणीतरी अडवला होता, आणि असं करणारा गावात एकच. धानाला पाणी पुरावं म्हणून सोमाजीनं मागे एकदा सांडव्यावर मातीचा थर चढवला होता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

हाक ऐकून सोमाजी सांडव्याकडच्या आपल्या शेतातल्या माणसांना घेऊन टोपल्यांसकट आला. डोमानं त्याला सर्वांसमोर विचारलं. यंदा आपण तिकडे हात लावला नाही, असं सोमाजी म्हणाला. पण बोलताना त्यानं मान खाली घातली.

डोमा पाण्यात उतरला. त्यानं ओंजळ भरली. तलावाचं पाणी हातात घेऊन त्या गावात कुणी खोटं बोलत नसे, आणि दिलेला शब्द फिरवत नसे.

"ज्यानं सांडवा अडवला, त्याचं घर या गावात राह्यचं नाई. मंग तो कोनीबी असो."

एकेकानं ओंजळ भरून तेच म्हणत सोडली. सोमाजीचा हात तेवढा रेंगाळला. शेवटी त्यानंही सोडली.

बाकीचे चीर बुजवायला थांबले. कुदळी घेऊन डोमा आणि सोमाजी सांडव्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत सोमाजी उभा राहिला. तू पारीवर परत जा, मी एकटाच मोकळा करून येतो, म्हणाला.

"काऊन?"

"डोमा, आपली शपथ मांगं घे."

"भेव वाटून राह्यला का, भाऊ?"

"हो," सोमाजी म्हणाला.

डोमाचं डोकं तापलं. टोलीतली लेकरं वाहून गेली असती, तेव्हा याला भेव वाटलं नाही. याच्या बैलगाडीत याचं सामान आपण स्वतः भरून देऊ, असं मनाशी ठरवून तो भराभर पुढे निघाला. सोमाजी मागून आला.

सांडव्यावर मातीचा कणही नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत ताज्या बांबूच्या कमच्यांचा दाट टट्टा उभा होता. वाहून आलेला पालापाचोळा त्याला अडून भिंत झाली होती, आणि वरून पाण्याची बारीक धार वाहत होती. टट्ट्याच्या आत रोहू घिरट्या घालत होते. यंदा एकही गेला नव्हता.

सोमाजीनं तोंड जंगलाकडे फिरवलं.

डोमानं पहिली गाठ तोडायला कुदळ उचलली. गाठ हिरव्या लुगड्याच्या काठाची होती.