शेजारची

कुकर शिट्ट्या देत राहिला. नम्रता परसात कपडे वाळत घालत होती. मालन कुकरच्या बाजूलाच तांदूळ निवडत बसली होती, ती उठली नाही. डाळ करपली.

शिमग्याची पालखी अंगणात नाचली. ढोलांनी कौलं हादरली. विनीत झोपूनच राहिला.

पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला. कोंबड्या उधळल्या, कुत्रं शेपूट घालून पळालं. मालनआत्या आणि तिचा भाचा विनीत अंगणात उकिडवे बसून मुंग्यांची रांग बघत होते.

विनीत दोन वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणाला नव्हता. नम्रताला तेवढं एकच हवं होतं.

मुलगे उशिराच बोलतात, असं संदेश मुंबईहून फोनवर सांगायचा. नवऱ्याचं ते वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं होतं. तिला खुपायचं ते वेगळंच. स्वयंपाकघरातून हाका मारून मारून तिचा घसा सुके, पोरगा मान वळवत नसे. आणि मालन, संदेशची मोठी बहीण, पलंगाच्या फळीवर नुसती थाप मारायची. लगेच हा सगळं टाकून तिच्याकडे झेपावायचा.

मालनचं लग्न झालं नव्हतं. भावाच्या घरी राहून ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. घरात शिरली की पाय आपटत यायची. विनीत ओळखायचा.

त्या पालखीच्या दिवशी तिनेच झोपलेल्या पोराला उचललं. गर्दीतून ढोलाशी नेलं आणि त्याचा तळवा कातड्यावर टेकवला. विनीतने डोळे उघडले आणि खिदळला. आईपाशी तो असा कधी खिदळला नव्हता.

नळावर कमलाकाकी म्हणाल्या, “पोर तुजा गो बाय, पन जीव आत्येचा.”

नम्रता हसली. कळशी भरून घरी आली आणि शिलाई मशीनवर वाकलेल्या मालनच्या पाठीशी उभी राहून नाही नाही ते बोलली. स्वतःची ओटी रिकामी म्हणून माझ्या पोरावर डोळा, असंही म्हणाली. मालन मशीन चालवत राहिली. नम्रता आणखीच पेटली.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत शिबिर होतं. शहरातले डॉक्टर उशिरा बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास करत होते. त्याचा कागद मालननेच कुठून तरी आणला, ओट्यावर ठेवला आणि त्यावर बोट आपटलं. आता हिला माझं पोर सुधारायचंय, नम्रताच्या मनात आलं. जायचं तिनेही ठरवलं, पण एकटीने. अर्ध्या वाटेत तिने वळून पाहिलं तर मालन मागून येतच होती.

डॉक्टर श्रुती तरुण होत्या. त्यांनी विनीतला आधी जवळ घेतलं, मग खिडकीकडे बघून विचारलं, “आणि ह्या कोण?”

“शेजारची,” नम्रता म्हणाली. “पोराला खेळवायला येते.”

मालन खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. बाहेर मुलं झोक्यावर बसली होती, त्यांना बघत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. नम्रताला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

रक्ताच्या नात्यात कुणाला जन्मापासूनचं काही आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. नम्रता म्हणाली, काही नाही. घरात आम्ही तिघंच, त्यातला एक मुंबईला.

डॉक्टरांनी विनीतला तिच्या मांडीवर बसवून हातात रंगीत चेंडू दिला. त्या मागे गेल्या आणि घंटी वाजवली. मग खुळखुळा. मग स्टीलच्या ताटावर पळी मारली. दारातली सेविका दचकली. कोपऱ्यातलं एक तान्हं रडायला लागलं. विनीत चेंडू फिरवत राहिला.

“रुसलाय,” नम्रता म्हणाली. “माझ्यापाशी असला की असाच. तिच्याकडे देऊन बघा, कसा वागतो ते.”

ताट पुन्हा वाजलं, आधीपेक्षा जोरात. झोक्यावरची मुलंसुद्धा थांबून आत बघायला लागली.

नम्रताने खिडकीकडे पाहिलं. मालन थांबलेल्या झोक्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी रक्ताच्या नात्याचा मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी अगदी हळू.

नम्रताने विनीतच्या कानावरचे केस मागे सारले. बराच वेळ तिचा हात तिथेच राहिला.

“ती शेजारची नाही,” ती म्हणाली. “त्याची सख्खी आत्या आहे.”

मालन सहा वर्षांची झाली, तेव्हा तिला रत्नागिरीला कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं होतं.