ताज्या बिया

तिचा नवरा कॉफीच्या कारखान्यात घोटाघोटाने चव घेऊन, वास घेऊन मालाची प्रत ठरवायचा. महिन्यापूर्वी तापातून उठला, तेव्हापासून घरातल्या कॉफीच्या बियांना रोज नावं ठेवत होता. शिळ्या झाल्या, उतरल्या, वासच उरला नाही. तिने काय करायचं बाकी ठेवलं? काचेच्या बरणीतून काढून बिया हवाबंद डब्यात भरल्या. डबा शेगडीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात नेला. मग एकाचे चार डबे केले, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना वारा लागू नये.

उद्या त्याला कामावर हजर व्हायचं होतं. म्हणून आज सकाळी तिने नुकत्याच भाजलेल्या, अजून कोमट बिया आणल्या. त्याने डबा उघडला, नाक पार आत घातलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"याही गेल्या," तो म्हणाला. "तुझ्या हातात अमृत दिलं तरी शिळं होईल. झाकण नीट लावायला काय होतं गं तुला?"

आवाज चढा होता, पण त्याने डबा पुन्हा नाकाशी नेला.

तेवढ्यात गॅलरीत खेळणारी लेक धावत आत आली. "आई, कसला मस्त वास सुटलाय, बाहेरपर्यंत..."

तिने समोरचं बिस्कीट उचलून लेकीच्या तोंडात कोंबलं आणि तिला कडेवर घेतलं.

"माझंच चुकलं रे," ती नवऱ्याला म्हणाली. "संध्याकाळी ताज्या आणते."