लांब स्विंगआर्म

राजस्थानात वाळूची टेकडी चढताना अमनची चार चाकांची क्वाड बाईक मागं उलटली आणि त्याचा खांदा निखळला. तरी पोरगं शर्यत सोडायला तयार होईना, तेव्हा त्याच्या अब्बांनी, बावड्याच्या राजमहंमदभाईंनी, हात टेकले. त्याला घेऊन ते स्वतः बारामतीच्या गॅरेजात गेले.

"मागची चाकं लांब जातील असा मोठ्यातला मोठा स्विंगआर्म बसवा, शॉकॲब्सॉर्बरबी भारीतले टाका," ते मेकॅनिकला म्हणाले. "गाडी परत उलटाय नको."

पुढच्या शर्यतीहून अमनचा फोन आला.

"नीट हायस न्हवं?"

"एकदम, अब्बा! चढाला पुढची चाकं जराबी उचलत न्हाईत."

राजमहंमदभाईंना हायसं वाटलं.


"म्हणून तर उद्या सगळ्यात उंच टेकडीच्या शर्यतीत नाव दिलंय!"