अब्बूंना ऐकू येतं तसं

कहकशांची बॅग दारात आली होती. वणीला मामाकडे जायचं ठरलं होतं. आई गौहरही सोबत निघाली होती, आणि परत कधी यायचं ते दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं.

“आपा, जाच्या आधी एक वाक्य बोलून दे,” धाकट्या जियाने माइक पुढे केला. “त्या दिवशी अब्बूले जे म्हटलं होतं, तेच. तेवढ्याच आवाजात.”

“कायले?” कहकशां म्हणाली. “झालं ते कमी झालं काय?”

त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नसे, पण विसरलंही कोणी नव्हतं. आदिलाबादचं स्थळ आलं होतं. मुलगा रागाचा वाईट आहे, हात उचलतो, हे कहकशांला मैत्रिणीकडून कळलं होतं. आईने तिला बापाकडेच पाठवलं. तूच सांग, तुझं ऐकतील. अब्बू, म्हणजे जफरभाई, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून येऊन अंगणात हातपाय धूत होते. कहकशांने त्यांच्या मागे उभं राहून सांगितलं. ते वळले, हसले, ओल्या हातानेच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास बेटा.” दुसऱ्याच दिवशी ते आदिलाबादला होकार कळवून आले. बापाने ऐकूनही असं केल्यावर कहकशां बोलायचीच थांबली. निकाहाच्या वेळीही तिने नुसती मान हलवली. दोन ईद सासरी काढल्या आणि ती एका कानाने कमी ऐकू येणारी होऊन परत आली. नवऱ्याने मारलेल्या थपडेने तो कान गेला होता. आल्यापासून ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती.

गौहर दाराआड उभी होती त्या दिवशी. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून तिचाही राग निवत नव्हता.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी पांढरकवड्यातली ती जिनिंग बंद पडली आणि जफरभाई घरी बसले. मग जियाने त्यांना जबरदस्तीने यवतमाळला नेऊन कान तपासून घेतले. मशिनांच्या आवाजात सगळी उमर गेलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, कान बरेच गेलेत, आणि हे आजचं नाही, कित्येक वर्षांचं आहे. इतकी वर्षं त्यांनी ते लपवलं, कारण माणसं कमी करायची वेळ आली की मालक आधी असाच माणूस शोधतो. कोणी काही बोललं की ते “हो, हो” म्हणायचे. गौहरला डॉक्टरांचं म्हणणं पटलं नाही. “अब्बू म्हणून हाक मारली का बराबर वळून पाह्यतात,” ती म्हणाली. “मतलबाचं सारं ऐकू येते त्याईले.”

जिया एका दुकानात ऑटोवर वाजणाऱ्या जाहिरातींचे आवाज कापून-जोडून द्यायची. आवाजावर चढवायचे इफेक्ट, म्हणजे प्लगइन, बनवणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तिथे कोणीतरी विचारलं, नवीन काय हवं? कोणाला जुन्या रेडिओची खरखर हवी होती, कोणाला विहिरीत बोलल्यासारखा घुमारा, कोणाला एकट्याच्या गळ्यातून अख्खं भजनी मंडळ. जियाने लिहिलं, माझ्या वडिलांना आमचं बोलणं कळेल असं काही. मग एकाने लिहिलं, आधी उलटं करून बघा. त्यांना कसं ऐकू येतं, ते तुम्हाला ऐकवणारं बनवा.

ते तिने शिकत शिकत, चुकत चुकत बनवलं होतं. यवतमाळच्या तपासणीप्रमाणे कानाला न पोचणारे सूर तिने काढून टाकले होते आणि अब्बूंच्या डोक्यात चोवीस तास वाजणारी घरघर त्यांनाच विचारून विचारून मागे भरली होती.

“गाडी चुकेल,” गौहर म्हणाली.

कहकशांने माइककडे न बघता, तेव्हा बोलली होती तितक्याच हळू सांगितलं, “अब्बू, मले हे लग्न नको.”

जियाने बटण दाबलं. खोलीत जिनिंग सुरू झाल्यासारखी घरघर भरली. तिच्या तळाशी कोणीतरी बोललं. ‘अब्बू’ नीट आलं. मधलं सगळं पाण्याखालून आल्यासारखं. आणि शेवटी, मोठ्या घागरीत सोडल्यासारखा एकच सूर. ओ.

“काय म्हणते ती?” जियाने आईला विचारलं.

“हो म्हणते ना,” गौहर म्हणाली. मग तिचा हात तोंडावर गेला.

जियाने परत लावलं. ‘नको’मधला न घरघरीत बुडत होता, क तर उरतच नव्हता. कहकशांने तिसऱ्यांदा स्वतः बटण दाबलं. आपलाच आवाज आदिलाबादला हो म्हणताना ती ऐकत राहिली. मग उठली. गौहरने तिला अडवलं नाही, बॅगही उचलली नाही.

जफरभाई ओट्यावर बसून बंद पडलेला टेबलफॅन उघडत होते. लेक समोर येऊन उकिडवी बसली तसा त्यांच्या हातातला पेचकस थांबला. किती तरी दिवसांनी ती त्यांच्या इतक्या जवळ आली होती.

“अब्बू,” तिने त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “मले ते लग्न नको होतं.”

जफरभाईंची मान सवयीने हलायला लागली. ओठांवर हो आलंसुद्धा. मग त्यांनी ते गिळलं, पुढे वाकले आणि मालकासमोर, बायकोसमोर, कोणासमोरच जे कधी बोलले नव्हते ते बोलले.

“मले ऐकू नाही आलं, बेटा.”