हरेश्वरला कोण देतं?

सुई पोटात गेली आणि नळीतून पिवळसर पाणी उतरू लागलं. केसरचं त्या पाण्याकडे लक्षच नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडावर वाकून वास घेत होती.

दारूनं यकृत गेलंय, हे सहा महिन्यांपूर्वी अलिबागच्या याच दवाखान्यात कळलं. एक घोट घेतलात तरी जाल, असं डॉक्टरांनी बजावलं. हरेश्वरनं देवीची शपथ घेऊन सोडली. तरी पोट पुन्हा फुगलं. आज पाणी काढायची ही तिसरी खेप. शपथेवर विश्वास ठेवायला केसर काही काल लग्न होऊन आलेली नव्हती. तिनं जाळ्यांचे ढीग उपसले, होडीचा तळ हुडकला. बाटली मिळेना. म्हणजे मुरुडच्या कोळीवाड्यात कुणीतरी याला चोरून पाजतंय, असं तिच्या मनानं घेतलं. धाकटा दीर नामा आला की ती त्याची पिशवी चाचपायची. नामानं येणंच सोडलं. हरेश्वर रोज न्हाय म्हणायचा. पण चोर कधी कबूल करतो का?

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. दारूचा मागमूस नाही म्हणाले. पण लघवीत मीठ भरपूर निघालंय. गोळ्या मीठ बाहेर काढतायत आणि हे तेवढंच पुन्हा खातायत, म्हणून पाणी भरतंय. मीठ बंद केलंय ना?

केसरला राग आला. याच्यापायी सगळं घर अळणी कालवण गिळत होतं. मिठाची बरणीसुद्धा तिनं शेजारी देऊन टाकली होती.

"नाव सांगा त्याचं," ती हरेश्वरवर खेकसली. "कोन देतंय तुमाला?"

हरेश्वरला खाऊ घालायचं म्हणून नर्स किशोरीनं केसरनं आणलेला डबा उघडला. आत पेज होती आणि भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचे दोन तुकडे. त्याशिवाय पेज त्याच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून रोज ते असायचेच. केसरच्या लेखी ती मासळी होती. मीठ म्हणजे बरणीतलं.

"मावशी, या बांगड्यात मूठभर मीठ असतं," किशोरी म्हणाली. "हे कोण देतं यांना?"

केसरनं झटकन डब्यावर झाकण दाबलं.

"मीच घातलं डब्यात," हरेश्वर म्हणाला. "तिला ठाऊक न्हाय."

सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच खोटं बोलला.