समोरचा वारा

"आज पठार ओलांडता आलं नाही, तर शर्यतीचा नाद सोडायचा!" असं बजावून बायको गाडीने पुढे गेली.

चाळकेवाडीच्या माथ्यावर समोरचा वारा श्रीपतीला सायकलसकट मागे रेटत होता. त्याचा शर्यतीतला जोडीदार हणमंत जिवंत होता तोवर दोघं आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेत, मागच्याला आडोसा देत. आता श्रीपती एकटाच होता.

तो दमून पाय टेकणार, एवढ्यात तोंडावरचा वारा थांबला. पवनचक्क्या मात्र गरागरा फिरतच होत्या. रिकाम्या रस्त्यावर, अगदी पुढ्यातच, सायकलची साखळी करकरत होती.

"झोपलास का रं? ये की पुढं!" हणमंतचा धापा टाकणारा आवाज आला.

श्रीपती पुढे सरकला. वारा छातीवर आदळला.

"अहो, वाका जरा!" पठाराच्या टोकावरून बायको ओरडली.

तो ताठच राहिला. वाकला असता, तर मागच्याला वारा लागला असता.