नळाचा श्वास

"या हिवाळ्यात पुन्हा पाइप फुटला, तर तुला साप्पोरोला माझ्या फ्लॅटवर आणणार म्हणजे आणणार. आई, बस झाला तुझा हट्ट," तेत्सुया फोनवर म्हणाला.

"तुझ्या त्या खुराड्यात? मी काय कोंबडी आहे? ठेव फोन, पाणी उतरवायचंय मला," किनुए फणकारली. दिवसभरात तिचं कुणाशी तेवढंच बोलणं झालं.

बाहेर बर्फ खिडकीपर्यंत चढला होता. रात्रीच्या थंडीत पाइपात पाणी गोठू नये म्हणून तिने स्वयंपाकघरातला दांडा ओढला, तसं पाइपातलं पाणी जमिनीखाली उतरू लागलं. मग तिने नळ उघडला आणि सासूने शिकवल्याप्रमाणे त्याच्या तोंडाशी तळवा धरला. नळ हवा आत ओढू लागला की समजायचं, पाइप रिकामा होतोय.

नळाने हवा ओढली, जरा थांबला आणि ऊन श्वास सोडला.

"म्हातारा झालास की काय रे?" ती म्हणाली. नळाने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा सोडला. कित्येक वर्षांत त्या तळव्याला दुसऱ्या कुणाची ऊब लागली नव्हती.

नळ बंद करावा, तर हवेअभावी पाणी आतच अडकून गोठणार, पाइप फुटणार. मग साप्पोरो. तिने हात काढला नाही.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं, नळ तिच्याच श्वासाबरोबर चालला होता. तिने श्वास रोखला. नळही थांबला.

छाती फुटायला आली, तरी ती हटेना. आयुष्यात ती कधीच समोरच्याच्या आधी नमली नव्हती.

अखेर नळानेच श्वास घेतला.

आणि छाती किनुएची भरली.